तीन डब्यांतला एक बिबट्या

"दादाभाऊ, बिबट्याचं पान उघडेपर्यंत बिबट्यानं कुठं थांबायचं?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, भर ग्रामसभेत उभी मी होते, माईकही माझ्याच हातात होता. पण प्रश्न वैजूचा आणि आमच्या अख्ख्या बाकाचा होता. "सरपंचाला विचारून दाखव," वैजू म्हणाली होती, "नाय विचारलंस तर वर्षभर माझं जर्नल तू लिहायचं." आता मी अकरावी सायन्सला आहे आणि दहावीच्या निकालानंतर माझ्यात एवढा आत्मविश्वास आलाय की आई म्हणते, थोडा वाटीत घालून शेजारी देऊन ये. शिवाय वैजूचं जर्नल म्हणजे नुसत्या आकृत्याच आकृत्या. मी विचारलं.

ग्रामसभा खो खो हसली. सरपंच दादाभाऊ हसले नाहीत.

"लई शहाणी दिसतीस. कुणाची गं तू?"

"सुभाष हिंग्यांची."

मागच्या रांगेत बसलेले पप्पा एकदम चपलेचा अंगठा तपासायला लागले.

"मग सुभाषराव," दादाभाऊ म्हणाले, "उद्यापासून पंचायतीच्या मागल्या खोलीची किल्ली हिच्याकडं. पोरगी पान पळवंल. न्हाई पळवलं, तर पुढच्या सभेला हाच माईक हिच्या हातात देऊन सत्कार करू."

आता ते पान म्हणजे काय ते सांगते. आमच्या अवसरीत बिबट्या म्हणजे पावणा नाही. त्याचं मतदारयादीत नाव घालायचं तेवढं राहिलंय. म्हणून पंचायतीनं इंटरनेटवर एक पान काढलं, 'वाट मोकळी का?' नावाचं. बिबट्या ज्याला दिसेल त्यानं फोनवरून वाट कळवायची. ती वाट पानावर लाल होते, बाकीच्या हिरव्या. पान बनवलं माझ्या चुलतभावानं, ऋषीदादानं. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेले तीन संगणक त्यानं पंचायतीच्या मागल्या खोलीत, फवारणीचा पंप आणि झेंड्याचा बांबू यांच्या मधोमध मांडले आणि तिघांचा मिळून एक क्लस्टर केला. म्हणजे कामं आपापल्या कंटेनरात बांधून ठेवायची; एक संगणक बसला की त्याचा कंटेनर दुसऱ्यावर उठून उभा राहतो. एवढं करून ऋषीदादा नोकरीला बंगळूरला गेला. गावाला त्याचा पासवर्ड राहिला, मला त्याचा फोन नंबर.

आणि मला त्या पानाशी काय देणंघेणं? तर माझी सायकल! दहावीला पास झाले म्हणून मला निळी, बास्केटवाली सायकल मिळाली. अवसरीहून मंचरला कॉलेजला जायचं, तर आमच्या वस्तीवरून उसाच्या वाटेनं डांबरीला लागायचं आणि मग सरळ वाऱ्यासारखं. पण पप्पांनी नियम काढला: पान हिरवं, तर सायकल. पान लाल, तर सोडायला पप्पा. पान उघडलंच नाही, तरी पप्पाच. आणि सकाळी सगळं गाव एकाच वेळी पान उघडायला बसायचं, त्यामुळे ते उघडायचंच नाही. नुसतं गोल गोल फिरायचं. मग मी पप्पांच्या मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंच्या दुधाच्या कॅनच्या मध्ये, तिसरा कॅन असल्यासारखी. कॉलेजच्या गेटवर उतरून मी दहा पावलं गेले की मागून हाक: "अक्षेऽऽ, डबा ऱ्हायला!" अकरावीच्या चारही तुकड्यांना माझं नाव अक्षदा नसून अक्षे आहे हे अशा रीतीनं कळलं.

तेव्हा गैरसमज नको. मी समाजसेवेला निघाले नव्हते. मला सायकल हवी होती.

ऋषीदादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, डिस्क म्हातारी झालीय. कुणीही विचारलं की ती बिचारी पहिल्यापासून सगळ्या नोंदी चाळत बसते. तिच्यापुढं एक कॅशे बसव. एकदा काढलेलं उत्तर मेमरीत धरून ठेवायचं, पुढच्यांना तिथूनच द्यायचं."

मी "हो हो" म्हटलं आणि काही कळलं नाही म्हणून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागले. आणि आईच्या हातात मिसळणाचा डबा दिसला! हळदीची मोठी बरणी माळ्यावर. पण आई दर फोडणीला माळ्यावर चढते का? नाही. चमचा-दोन चमचे हळद डब्यात, शेगडीशेजारी. डिस्क म्हणजे माळा, कॅशे म्हणजे डबा. मी एवढ्यानं ओरडले की आईच्या हातून मोहरी सांडली आणि पुढची सगळी प्रगती मला जमिनीवरून मोहरी वेचत करावी लागली.

डबा बसवायचा म्हणजे क्लस्टरला एक फाइल लिहून द्यायची: कुठला कंटेनर, किती मेमरी, किती प्रती. त्यात ओळीआधी सोडायच्या जागाही मोजलेल्या. दोन जागा कमी पडल्या म्हणून क्लस्टरनं मला परत पाठवलं. एक जास्त झाली म्हणून पुन्हा परत. कचेरीत दाखल्यासाठी गेल्यावर पाठवतात ना, अगदी तसं. फरक एवढाच, की क्लस्टर जेवायला जात नाही. पंचायतीचे शिपाई कुंडलिकमामा मात्र जायचे, आणि जाताना मी आत असतानाच बाहेरून कडी लावायचे. सवयच त्यांना.

शेवटी फाइलीत दोन प्रश्न उरले. प्रती किती? आणि उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं? ते मी माझ्या मनानं ठरवून मोकळी झाले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी संध्याकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर गेले आणि गावाला विचारलं. लोकशाहीवर माझा विश्वास होता. तेव्हा होता.

"किती येळ म्हंजी?" आमचे शेजारी कुशाबाआबा म्हणाले. उसाची वाट त्यांच्याच उसातून जाते. "बिबट्या काय चा पिऊन जातो व्हय? आला म्हंजी हितलाच."

"माझ्या सासूनं पाह्यल्याला बिबट्या आजून हाय," साळुआजी म्हणाली.

"आजी, बिबटे एवढे जगत नाहीत."

"तू माझ्या सासूला वळखत न्हाईस."

दादाभाऊंनी निकाल दिला. "हे बघ बाय, आपल्या पानानं 'गेला' म्हणलं आन् त्यो निघाला, तर बोंब माझ्या नावानं. इसरायचंच न्हाई. कायम ठिव." मी मुदतीच्या जागी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे कधीच विसरू नकोस.

प्रतींचा प्रश्न त्याहून पेटला. ऋषीदादा म्हणाला होता, एकच डबा पुरे. पण गावाला तीन वाड्या. वरच्या वाडीचे लोक म्हणाले, डबा आमच्याकडं पाहिजे. खालच्या वाडीचे म्हणाले, रस्ता त्यांना, टाकी त्यांना, आता डबा पण त्यांनाच का? मधल्या वाडीला डबा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हक्क सोडायचा नव्हता. मी सांगत होते की अहो, तो मागल्या खोलीतच राहणार आहे, कुणाला कुठला मिळेल हे क्लस्टर ठरवणार आहे. ऐकतंय कोण? दादाभाऊंनी निवडणूक डोळ्यांपुढं आणली आणि म्हणाले, "तीन वाड्या, तीन डबं. भांडण मिटलं."

मी प्रती तीन लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी फोन काढला, मी सायकलचं हँडल धरून शेजारी. पान पापणी लवायच्या आत उघडलं. मी दोन्ही हात वर केले. सायकल पडली.

"वा!" पप्पा म्हणाले. "काय पळतंय गं! उसाची वाट लाल. चल बस गाडीवर."

ठीक आहे, आदल्या दिवशी दिसला असेल. पण पुढच्या दिवशीही लाल. त्याच्या पुढच्या दिवशीही लाल. आणि लखकन लाल, वाट न बघायला लावता लाल! पूर्वी निदान पान फिरत असेपर्यंत आशा तरी असायची. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सारखं पान उघडत होते, आणि असं उघडता उघडता एकदा उसाची वाट हिरवी दिसली! फक्त ओढ्याची लाल.

"पप्पा, हिरवी! हिरवी!"

पप्पांनी त्यांच्या फोनवर पाहिलं. उसाची लाल. पुन्हा पाहिलं. शाळेमागची लाल. पुन्हा. ओढ्याची.

पप्पांचा चेहरा बदलला. "तीन हायेत," ते हळूच म्हणाले.

झालं होतं ते असं. बिबट्या एकच. बिचारा आपल्या वाटेनं चाललेला. आधी उसात दिसला, मग ओढ्याला, मग शाळेमागं. आमचे जुने संगणक मात्र आळीपाळीनं बसायचे आणि उठायचे. उठला की त्याचा डबा रिकामा. रिकाम्या डब्यानं माळ्यावरून जे पहिलं उत्तर आणलं, तेच कायमचं पाठ केलं. एक म्हणे ऊस, एक म्हणे ओढा, एक म्हणे शाळा. तिन्ही जावांनी आपापले डबे वेगळे ठेवावेत आणि कुणी कुणाच्या डब्यात डोकावू नये, तशी तऱ्हा. आणि विसरायचं नाही, हा तर गावाचाच ठराव!

मला हे कळायला वेळ लागला. गावाला तीन बिबटे कळायला अजिबात वेळ लागला नाही. कुशाबाआबांच्या उसाला यायला ऊसतोड टोळीनं नकार दिला. मंचरचा एक जण मोबाइल घेऊन आला आणि बांधावर उभा राहून "मित्रांनो, इथं प्रत्येक पावलावर मृत्यू आहे" असं म्हणाला. तेव्हा त्याच्या मागं साळुआजी शेळीला पाला घालत होती. वनरक्षक पिंजरा घेऊन आले. पिंजरा एक.

"बिबटे तीन दाखवलेत आणि मागणी एका पिंजऱ्याची," ते कागद उलटसुलट करत म्हणाले. "हे बसत नाही. एक तर दोन अर्ज आणखी द्या, नाहीतर दोन बिबटे कमी करा."

"कमी करते," मी म्हटलं. "एकच आहे. बाकीचे माझ्या चुकीनं झालेत."

"तसं तोंडी कसं कमी करता येईल?" ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले. "पंचायतीच्या पानावर चढलेला बिबट्या आहे. उतरवायला ठराव लागतो."

"आन् आता न्हाई म्हणायचं म्हंजी गावाची इज्जत," दादाभाऊ म्हणाले. "शेजारी महाळुंग्याला दोनच हायेत."

आणि पप्पा? पप्पा आता मला सोडून परत जाईनात. दुधाचे कॅन तेवढे डेअरीवर देऊन पुन्हा यायचे आणि कॉलेज सुटेपर्यंत गेटसमोर मोटरसायकलवर आडवे पडून राहायचे. फिजिक्सच्या वर्गातून त्यांच्या चपला दिसायच्या. वैजू माझ्याकडं बघायचीच नाही, कारण बघितलं की ती हसायची आणि हसली की सर दोघींना उभं करायचे. जिला सायकलवर एकटीनं जायचं होतं तिला आता अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जास्त सोबत होती, आणि ही सोबत तिनंच स्वतःच्या हातानं बसवली होती. एवढा अपमान मी तोपर्यंत पचवला नव्हता.

मी पुन्हा ऋषीदादाला फोन केला. तो इतका हसला की त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला पाणी विचारलं. मग म्हणाला, "डबा एकच ठेव, सगळ्यांनी त्यातच बघायचं. मुदत टाक, एक दिवस झाला की विसरू दे. आणि हो, नोंद मात्र डिस्कवर ठेवायचीच, सरळ कॅशेत..." तो पुढंही काही म्हणत होता. रेंज गेली असं मी धरलं.

कारण मला माळ्याचाच कंटाळा आला होता! मुदत संपली की पान पुन्हा त्या म्हाताऱ्या डिस्ककडं जाणार, पुन्हा गोल गोल फिरणार, आणि पप्पा तेवढ्यात किक मारणार. मग माळा हवाच कशाला? कुणी बिबट्या कळवला की सरळ डब्यात टाकायचा. डब्यात असला तर लाल. नसला तर हिरवं. किती सोपं! मी स्वतःवर खूश होऊन खोलीत गिरकी घेतली आणि फवारणीचा पंप पाडला.

आणि चाललंसुद्धा! वाड्यांची समजूत दादाभाऊंनी घातली. एकच डबा, पण तीन वाड्यांच्या नावानं, असं काहीतरी सांगितलं. पान लखकन उघडू लागलं, बिबट्या एकच झाला, दिवसानं विसरला जाऊ लागला. मी दोनदा सायकलवर कॉलेजला गेले. दोनदा! डांबरीला लागल्यावर मी पॅडलवर उभी राहून असं काहीतरी ओरडले की शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही!" मी म्हटलं. "मीच!"

मग तो शनिवार आला.

शुक्रवारी संध्याकाळी वैजूच्या वडलांना उसाच्या वाटेवर बिबट्या दिसला होता. अगदी स्पष्ट, कुशाबाआबांच्या मोटरीच्या खोलीजवळ. त्यांनी कळवलं, वाट लाल झाली, मी स्वतः पाहिली आणि नशिबाला दोष देत झोपले. सकाळी जाग आली तर मी घामानं भिजलेली. पंखा बंद. आईनं हाक मारली, "अगं ऊठ, लाईट पहाटंच गेली व्हती, आत्ता कुठं आलीय. आन् बघ, पान हिरवं हाय!"

मागल्या अंगणात पप्पा माझी सायकल पुसत होते. हवा त्यांनी आधीच भरली होती.

मी उडी मारून उठले, दात घासले, वेणी घालायला घेतली, आणि तिसऱ्या पेडाला हात थांबला. मुदतीचा दिवस तर संपला नाही. मग हिरवं कसं?

लाईट गेली. संगणक बसले. डबा मेमरीत, मेमरी विजेवर. डबा रिकामा झाला. आणि रिकामा असला तर हिरवं म्हणायला मीच शिकवलं होतं.

मी वेणी तशीच सोडून पुढल्या दारात आले. तेवढ्यात समोरून कुशाबाआबा, मागं तीन शेळ्या, हातात बादली, उसाच्या वाटेला वळताना दिसले.

"आबा! थांबा! तिकडं जाऊ नका!"

"का गं?"

"बिबट्या असेल!"

"आगं, पान हिरवं हाय की." त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. "ही बघ. हिरवीगार."

"ते चुकतंय, आबा."

"पान चुकतंय?" आबा हसले. "आगं, पंचायतीचं पान ते. तू कोण सांगणार?"

"आबा, पान म्हंजे मीच!" मी वाटेत आडवी उभी राहिले. अर्धी वेणी सुटलेली, पायात चप्पल नाही. "मीच ते लिहिलंय! त्याला काहीच माहीत नाही म्हणून ते हिरवं झालंय! काल वैजूच्या वडलांनी तुमच्या मोटरीपाशी पाहिलाय, हवं तर त्यांना विचारा!"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं. मग शेळ्यांकडं. "आन् हे मला आजवर कुणी सांगितलं न्हाई," ते पुटपुटले. त्यांनी वैजूच्या वडलांना फोन लावला, ऐकलं, "आस्सं," म्हणाले, आणि शेळ्या वळवल्या. जाता जाता एवढंच बोलले: "पोरी, काल पण पान बघूनच पाणी दिलं मी. परवा पण."

बस. त्यानंतर मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचले नाही.

त्यांना पाठमोरं जाताना बघत मी तिथंच उभी होते. कालच्या नोंदीची मुदत संपायला अजून अवकाश होता. खरं तर मी काहीच बोलले नसते, तर डांबरीला लागायला मला किती वेळ लागला असता? आणि काही झालंही नसतं, बहुतेक. वाईट एवढंच वाटत होतं, की 'बहुतेक' हा शब्द माझ्या पानावर कुठं लिहायला जागाच नव्हती.

मी मागल्या अंगणात आले. पप्पांनी सायकल स्टँडवरून काढून माझ्यासमोर धरली होती. सीटवर एक धूळकण नव्हता.

"जा बाय," ते म्हणाले. "हिरवं हाय. आज मी येत न्हाई. तुझ्या पानावर माझा पूर्ण इस्वास बसला आता."

आई दारात डबा घेऊन उभी. एवढा आनंद तिच्या तोंडावर मी दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. म्हणजे त्यांनाही मी एकटी गेलेली बघायचीच होती! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

मी सायकलचं हँडल धरलं. मग सोडलं. मग ती पुन्हा भिंतीला टेकवली.

"पप्पा, आई, ऐका. मी ठरवलंय. मी आज सायकल नेणार नाही. पान हिरवं आहे ते बिबट्या गेला म्हणून नाही, लाईट गेली म्हणून. आणि ते तसं शिकवलंय मी, घाईत. आता आधी पंचायतीत जाऊन मी ते पान बंद करणार, आणि दादाभाऊंना सांगणार की नोंद डिस्कवरच राहील, उघडायला कितीही वेळ लागो. आणि पान आजपासून कुठल्याच वाटेला मोकळी म्हणणार नाही. कुणी पाहिला, कुठं पाहिला, कधी पाहिला, एवढंच सांगेल. काही माहीत नसेल, तर 'माहीत नाही' म्हणेल, मोठ्या अक्षरात. मग लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत."

"आन् कॉलेज?" आईनं विचारलं.

"पंचायतीपासून एसटीनं," मी म्हटलं. "एकटी. पप्पा, तुम्ही घरी बसायचं."